उन्हाच्या बाजूचं घर

विश्रांतवाडीच्या चौकातून आळंदी रस्ता सोडून धानोरीकडे वळलं की नव्या इमारतींच्या फाटकाशी दुपारी चारनंतर एक सभा भरलेली दिसते. दोन बाक, काही प्लास्टिकच्या खुर्च्या, कुणाच्या हातात काठी, कुणाच्या मांडीवर नातवंड. थोडा वेळ ऐकत बसलं की मूळ गावं कळायला लागतात. डोंबिवली, परळ, महाड, चिपळूण, सावंतवाडी. मुलगा किंवा सून खराडीला, विमाननगरला, येरवड्याला नोकरीला लागली, टिंगरेनगर-धानोरीच्या पट्ट्यात घर घेतलं आणि आईवडील मागोमाग आले. ‘इकडे का आलात?’ म्हटलं की पहिलं उत्तर ‘मुलगा इकडे आहे ना’ हेच असतं. जरा वेळाने दुसरं उत्तर येतं: ‘आणि हवा.’

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी ‘स्थलांतर’ हा विषय दिला, तेव्हा मला हे दुसरं उत्तर धरून बसावंसं वाटलं. पोटासाठी, लग्नासाठी, धरणामुळे, दुष्काळामुळे माणसं हलतात, त्याची नोंद कुठे ना कुठे होते. बऱ्या हवेसाठी, कोरड्या भिंतीसाठी, अंगावर ऊन मिळावं म्हणून हलणाऱ्यांची नोंद कुठल्याच फॉर्मवर होत नाही. पण पुण्याच्या घडणीत त्यांचा वाटा मोठा आहे.

डोंबिवलीहून आलेल्या एका काकूंच्या घरात मला या विषयाचा पेच पहिल्यांदा नीट दिसला. त्यांच्या यजमानांना दमा. ‘तिथे जून लागला की भिंतीला ओल यायची. कपाटातल्या साड्यांना वास. यांच्या छातीत रात्रभर घरघर,’ त्या सांगत होत्या. ‘इथे आल्यावरच्या पहिल्या पावसात पंप मोजून दोन-तीनदा काढला असेल.’ काका मान डोलावत होते. मग काकू स्वतःच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाल्या, ‘माझी हाडं मात्र इथेच दुखायला लागली. डॉक्टरांनी रक्त तपासलं. म्हणाले, डी अगदी कमी आहे. आता आठवड्याला एक पुडी दुधातून घेते. एवढं ऊन असलेल्या गावात यायचं आणि उन्हाचं जीवनसत्त्व पुडीतून घ्यायचं!’

एकाच घरात, एकाच स्थलांतराने, एकाचं भलं झालं आणि दुसरीची गरज तशीच राहिली. हे कसं होतं ते बघायला मी विश्रांतवाडीत फिरले, आणि थोडी विश्रांतवाडीच्या मागे, जुन्या पुण्यातही गेले.

घाटाच्या दोन बाजू

अरबी समुद्रावरून येणारे ढग सह्याद्रीला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि आपलं बहुतेक पाणी घाटमाथ्यावरच ओतून मोकळे होतात. मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, लोणावळ्यात चार हजारांच्या वर. तिथून पासष्ट किलोमीटरवर असलेल्या पुण्यात तो साधारण सातशेवर येतो आणि शहर ओलांडून उरुळी, दौंडकडे जावं तसा आणखी घटतो. विश्रांतवाडी, धानोरी, लोहगाव हा शहराचा ईशान्येचा कोपरा. कोथरूड-पाषाणात धो धो पाऊस चालू असताना इथे नुसती भुरभुर असते, असा अनुभव इथले रहिवासी आवर्जून सांगतात.

ही कोरडी बाजू इंग्रजांनी फार लवकर हेरली होती. मुंबईच्या गव्हर्नरांचं वर्ष तीन ठिकाणी वाटलेलं असे: हिवाळा मुंबईत, उन्हाळा महाबळेश्वरात आणि जून ते सप्टेंबर पुण्यात. आधी त्यांचा पावसाळी मुक्काम दापोडीला असे. मग बार्टल फ्रिअरच्या कारकिर्दीत १८६४ मध्ये गणेशखिंडीत नव्या प्रासादाचं काम सुरू झालं, ते १८७१ मध्ये संपलं. आज आपण विद्यापीठाची मुख्य इमारत म्हणतो, ती ही. गव्हर्नर आले की कचेऱ्या आल्या, कारकून आले, त्यांची बिऱ्हाडं आली. बोरघाटातून रेल्वे १८६३ मध्ये सुरू झाल्यावर हा प्रवास काही तासांचा झाला. घोड्यांच्या शर्यतींचं वेळापत्रक अजूनही त्याच जुन्या हिशेबाने चालतं: पावसाळ्यात पुणे, हिवाळ्यात मुंबई. १ जून १९३० ला धावू लागलेल्या डेक्कन क्वीनला सुरुवातीच्या काळात शर्यतीच्या शौकिनांचीच गर्दी असे.

एक गोष्ट मात्र नीट पाहायला हवी. पुणं पावसाळ्यात कोरडं असलं तरी उन्हाचं नसतं. जुलै-ऑगस्टमध्ये इथेही आकाश दिवसचे दिवस झाकलेलं असतं. फरक इतकाच की ढग फारसे बरसत नाहीत, नुसते थांबून राहतात. काकांच्या दम्याला आराम पडला तो कोरडेपणामुळे. ओलसर भिंतीवर वाढणारी बुरशी आणि गादी-उशीत वाढणारे सूक्ष्म कीटक दम्याच्या रुग्णाला छळतात. दोघांनाही दमट हवा लागते. डोंबिवलीतली ती भिंत सुटली, हे निम्मं औषध झालं. हेही खरं की धानोरी-लोहगाव भागात सतत बांधकामं चालू असतात, डिसेंबरच्या पहाटे गार हवेत धूळ आणि धूर खालीच बसून राहतो, आणि काही दमेकऱ्यांना मुंबईपेक्षा इथला डिसेंबर जड जातो. सभेतल्या महाडच्या एका आजोबांनी तेच सांगितलं: ‘पावसाळ्यात मी राजा. थंडीत सकाळी नऊपर्यंत खिडकी उघडत नाही.’

पाचगणीचे बंगले आणि टाडीवाला रोड

हवापालट हा एके काळी सुखवस्तू मराठी घरांत औषधाइतकाच गंभीर मामला होता. क्षयावर औषधच नव्हतं तेव्हा डॉक्टर जागा लिहून देत. १८८२ मध्ये रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू दाखवला, पण तो मारायचा कसा हे कळायला साठ वर्षं जावी लागली. मधल्या काळात उन्हावर आणि हवेवर भिस्त होती, आणि तिला आधारही होता. डेन्मार्कच्या नील्स फिन्सेनने त्वचेच्या क्षयावर प्रकाशकिरणांचा उपचार केला, त्याला १९०३ चं नोबेल मिळालं. त्याच वर्षी ऑग्युस्त रोलिएने स्वित्झर्लंडमधल्या लेझां गावात डोंगरावर रुग्णांना उन्हात झोपवायला सुरुवात केली. आधी फक्त पावलांवर ऊन, मग पोटऱ्यांवर, मग मांड्यांवर, असं दिवसागणिक वाढवत.

आपल्याकडे त्याची जागा पाचगणीने घेतली. महाबळेश्वरपासून जेमतेम वीस किलोमीटर, पण डोंगराच्या पूर्वेच्या कडेवर. त्यामुळे पाऊस महाबळेश्वरच्या निम्म्याहूनही कमी आणि हवा बाराही महिने सोसवेल अशी. जॉन चेसनने १८६० च्या दशकात हे ठिकाण वसवलं ते गोऱ्या लोकांच्या विश्रांतीसाठी. १९१२ मध्ये डॉ. रुस्तमजी बिलिमोरियांनी तिथे ‘बेल एअर’ हे क्षयाचं आरोग्यधाम उभं केलं. मिरजेच्या कोरड्या माळावर वानलेसवाडीचं क्षय रुग्णालय उभं राहिलं. जुन्या घरांत अजून एखादा फोटो सापडतो: लांब व्हरांडा, ओळीने खाटा, पायांवर घोंगडी आणि चेहऱ्यावर ऊन.

विश्रांतवाडीच्या अगदी अंगणात घडलेलं उदाहरण गांधीजींचं. ६ मे १९४४ ला ते आगाखान पॅलेसमधून सुटले, तेव्हा त्यांच्या अंगात मलेरियाने काही ठेवलं नव्हतं. कस्तुरबा आणि महादेवभाई दोघंही त्याच आवारात गेले होते. गांधीजी आधी येरवड्याच्या टेकडीवरच्या ‘पर्णकुटी’त आले, मग समुद्राच्या हवेसाठी जुहूला गेले, पुन्हा पुण्याला डॉ. दिनशा मेहतांच्या निसर्गोपचार केंद्रात आले आणि जुलैत पाचगणीला. दोन-अडीच महिन्यांत समुद्र, पठार आणि डोंगर, तिन्ही हवा झाल्या.

मेहतांचं केंद्र टाडीवाला रोडवर, रेल्वे स्टेशनच्या मागे. सूर्यस्नान, मातीच्या पट्ट्या, कटिस्नान आणि आहार हे तिथले उपचार. १९४५ च्या नोव्हेंबरात तिथेच निसर्गोपचारासाठी विश्वस्त संस्था झाली, गांधीजी तिचे अध्यक्ष झाले. आज त्या जागेला ‘बापू भवन’ म्हणतात आणि राष्ट्रीय प्राकृतिक चिकित्सा संस्थान तिथे चालतं. पण गांधीजींचं मन तिथे रमलं नाही. शहरातल्या अशा केंद्रात गरीब माणूस येणार कसा आणि राहणार कसा, हा त्यांचा प्रश्न होता. ऊन आणि माती फुकट आहेत, तर त्यांचा उपचार श्रीमंतांपुरता का? मार्च १९४६ मध्ये ते उरुळी कांचनला गेले, गावकऱ्यांना तपासलं आणि आश्रमाचा पाया घातला. मणिभाई देसाई तिथेच राहिले आणि जन्मभर राहिले. बायफ ही संस्था पुढे १९६७ मध्ये त्यांनीच काढली. मला या सगळ्या गोष्टीत उरुळीचा निर्णय सर्वांत मोलाचा वाटतो. उपचारासाठी माणसाला हलवण्यापेक्षा, माणूस आहे तिथल्या उन्हाचा उपयोग करायला त्याला शिकवावं, असा तो विचार होता.

पुढे विज्ञानाने वेगळ्या वाटेने तेच सांगितलं. स्ट्रेप्टोमायसिन आणि त्यानंतरची औषधं आल्यावर मद्रासमध्ये १९५६ मध्ये एक क्षय-औषधोपचार केंद्र सुरू झालं. तिथे रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला आरोग्यधामात ठेवलं: चांगलं जेवण, विश्रांती, मोकळी हवा. दुसऱ्याला त्याच गोळ्या देऊन घरी पाठवलं, म्हणजे दाटीच्या वस्तीत, अपुऱ्या जेवणावर. वर्षाने दोन्ही गट जवळपास सारखेच बरे झाले. १९५९ मध्ये हे निष्कर्ष छापून आले आणि जगभरातल्या क्षयाच्या आरोग्यधामांचा आधारच गेला. पाचगणीचे बंगले शाळांचे आणि हॉटेलांचे झाले.

चारच्या आतला अंधार

विश्रांतवाडीच्या सभेत काही जणी अशा आहेत ज्यांचं वर्ष गव्हर्नरांसारखंच वाटलेलं आहे. एक निवृत्त शिक्षिका दर वर्षी मुलीकडे इंग्लंडला जातात. व्हिसावर एका वेळी सहा महिन्यांच्या वर राहता येत नाही. एकदा नातीच्या जन्मासाठी त्या नोव्हेंबरात गेल्या. ‘डिसेंबरात दुपारी चारच्या आत दिवे लावावे लागायचे. सकाळी आठलाही अंधारच. मला वाटायचं, मी आजारी आहे. रडू यायचं, झोप यायची, गोड खावंसं वाटायचं. मुलगी म्हणाली, आई, तुला काही झालेलं नाही, इथे सगळ्यांचंच असं होतं.’ त्या मार्चला परतल्या. आता त्या मे ते ऑक्टोबर तिकडे असतात, म्हणजे पुण्याचा उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही चुकवतात, आणि दिवाळीला इकडे येतात.

त्यांच्या मुलीचं म्हणणं बरोबर होतं. लंडनचा सर्वांत लहान दिवस पावणेआठ तासांहून थोडाच मोठा. पुण्याचा साधारण अकरा तासांचा. या हिवाळी उदासीला वैद्यकात नाव मिळालं ते १९८४ मध्ये, आणि ते देणारा माणूस स्वतःच ऊन सोडून आलेला होता. नॉर्मन रोझेंथल दक्षिण आफ्रिकेतल्या जोहान्सबर्गचा. अमेरिकेत शिकायला आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात आपली कामाची उमेद मावळते आणि वसंतात परत येते, हे त्याने स्वतःवर पाहिलं. पुढे रुग्णांना दहा हजार लक्स प्रकाशाच्या दिव्यासमोर सकाळी अर्धा तास बसवण्याचा उपचार रुळला. ‘दहा हजार’ किती ते कळायला एक तुलना पुरे: आपल्या दिवाणखान्यात दिवे लावल्यावर शे-दोनशे, फार तर तीनशे लक्स प्रकाश असतो. भर उन्हात तो लाखाच्या घरात जातो, आणि पुण्याच्या झाकोळलेल्या ऑगस्टातही उघड्यावर हजारांत मोजावा लागतो. डोळ्याच्या पडद्यात दृष्टीशी संबंध नसलेल्या काही पेशी असतात. त्या मेंदूला फक्त दिवस झाला की रात्र, एवढंच कळवतात. त्यांना दिवाणखान्यातला उजेड दिवसासारखा वाटतच नाही.

हाडांचं दुःख याहून जुनं आहे. १९६०-७० च्या दशकांत ग्लासगोसारख्या शहरांत भारत-पाकिस्तानातून गेलेल्या कुटुंबांतली मुलं मुडदुसाने वाकलेल्या पायांनी डॉक्टरांपुढे येऊ लागली. सावळ्या कातडीला पुरेसं ड जीवनसत्त्व बनवायला गोऱ्या कातडीपेक्षा जास्त वेळ ऊन लागतं, आणि तिथे ते नव्हतंच. १९८१ मध्ये ब्रिटनला त्यासाठी खास मोहीम काढावी लागली. आजही तिथलं सरकार सगळ्यांना हिवाळ्यात, आणि सावळ्या वर्णाच्यांना वर्षभर, या जीवनसत्त्वाची गोळी घेण्याचा विचार करायला सांगतं.

तेव्हा उन्हाच्या गावी परत येण्याची ओढ नुसती हळवी नाही, तिला शरीराचं कारण आहे. पण मनाच्या बाबतीत एक सावधगिरी हवी. डॅनियल कानमन आणि डेव्हिड श्केड यांनी १९९८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या आणि अमेरिकेच्या थंड मध्यभागातल्या विद्यार्थ्यांना विचारलं, तुम्ही आयुष्यात किती समाधानी आहात? उत्तरं दोन्हीकडे सारखी आली. मात्र ‘तुमच्यासारखाच माणूस दुसरीकडे असता तर?’ या प्रश्नावर दोन्ही गटांनी कॅलिफोर्नियातला माणूस जास्त सुखी असणार असं ठरवलं. जागा बदलण्याचा विचार करताना माणूस हवेकडे बघतो. तिथे राहायला लागल्यावर त्याचा दिवस बस, पाणी, शेजार आणि मुलांच्या शाळेत जातो. परळहून आलेले एक गिरणी कामगार आजोबा हेच वेगळ्या शब्दांत बोलले: ‘हवा इथली चांगली. पण बोलायला माणूस तिकडे होता.’ सभेतल्या बाकावर रोज सर्वांत आधी येऊन बसतात ते हेच.

सावली आपल्यापेक्षा आखूड

आता काकूंच्या पुडीकडे वळू. पुण्यासारख्या गावात ड जीवनसत्त्व कमी का? कारण ऊन असणं आणि ऊन अंगावर येणं यात अंतर आहे, आणि ते दिवसाच्या वेळेत मोजता येतं.

कातडीत हे जीवनसत्त्व तयार होतं ते अतिनील किरणांतल्या एका पट्ट्यामुळे. सूर्य खाली असला की ते किरण वातावरणातच शोषले जातात. ओळखायची खूण सोपी आहे: उन्हात उभं राहिल्यावर आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तर ते किरण पोहोचताहेत, लांब असेल तर फारसे नाहीत. लंडनमध्ये २२ डिसेंबरच्या मध्यान्हीला माणसाची सावली त्याच्या पावणेचार पट पडते. ती आखूड व्हायला एप्रिल उजाडतो. पुण्यात वर्षाच्या सर्वांत वाईट दिवशीही साडेअकरा ते दीडच्या दरम्यान सावली आपल्यापेक्षा थोडी आखूडच असते. म्हणजे आपल्या गावाला वर्षातला एकही दिवस सूर्याने पूर्ण नाकारलेला नाही.

पण त्या वेळी आपण असतो कुठे? पहाटेचं कोवळं ऊन अंगावर घ्यावं, बाळाला त्यात न्हाऊ घालून धरावं, ही आपली रीत. तिचा फायदा आहे: डोळ्यातल्या त्या पेशींना सकाळ कळते, रात्री झोप वेळेवर येते, आणि चार माणसं भेटतात. हाडांना मात्र कोवळ्या उन्हातून फार थोडं मिळतं, कारण सातच्या उन्हात सावली लांबच लांब असते. काकू रोज सकाळी सहा ते सात चालतात, अंगभर साडी, वर स्वेटर, डोक्याला स्कार्फ. त्यानंतरचा दिवस स्वयंपाकघरात. खिडकीतून येणारं ऊन कितीही लख्ख असलं तरी काच हे किरण आत येऊ देत नाही. जेवण शाकाहारी, त्यात हे जीवनसत्त्व जवळपास नसतंच.

दिल्लीत २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात डॉक्टर-परिचारिका, गरोदर स्त्रिया आणि सैनिक अशा वेगवेगळ्या गटांचं रक्त तपासलं होतं. सर्वांत बरं प्रमाण सैनिकांचं निघालं. दवाखान्यात दिवस घालवणाऱ्या डॉक्टरांचं कमी होतं. दोन वर्षांनी दिल्लीतच लहान मुलांवर झालेल्या दुसऱ्या अभ्यासात धुरकट हवेच्या वस्तीतली मुलं मोकळ्या हवेच्या वस्तीतल्या मुलांपेक्षा मागे पडलेली दिसली. धूर आणि धूळ ते किरण वाटेतच खातात. पुण्यातही जहांगीर हॉस्पिटलशी संलग्न संशोधन संस्थेत डॉ. अनुराधा खाडिलकर आणि त्यांचे सहकारी मुलांची हाडं आणि ऊन यांवर वर्षानुवर्षं काम करत आहेत.

सैनिकांचा दाखला विश्रांतवाडीत समोरच दिसतो. एका बाजूला लोहगावचा हवाई तळ, दुसरीकडे दिघीची लष्करी संशोधन संस्था, नदीपलीकडे खडकीला बॉम्बे सॅपर्स. निवृत्त झालेले कितीतरी जवान याच पट्ट्यात घर करतात. सातारा जिल्ह्यातल्या एका निवृत्त हवालदारांशी टिंगरेनगरात बोलले. सत्तरी ओलांडलेली, पाठ ताठ. ‘नोकरीत दिवसभर ऊनच. आता गच्चीवर कुंड्या आहेत, अकरा-बाराला बनियनवर जातो, पाणी घालतो, खुरपतो. पाऊण तास कुठे जातो कळत नाही.’ त्यांनी कधी रक्त तपासलेलं नाही.

दोन इमारतींमधली फट

मग मी घरं बघायला लागले. घर घेणाऱ्यांना काय दाखवतात आणि ते काय विचारतात, हे ऐकण्यासारखं असतं. पाणी महापालिकेचं की टँकरचं, पार्किंग झाकलेलं का, विमानाचा आवाज किती, आणि दार पूर्वमुखी आहे ना. पूर्वमुखी दाराचा आग्रह इतका की त्यासाठी लोक जास्त पैसे मोजतात. ते पूर्वेकडचं दार उघडतं मात्र लिफ्टसमोरच्या बोळात, जिथे भरदुपारी ट्यूबलाइट लागते. बेडरूमची खिडकी कुठल्या दिशेला आहे, समोरची इमारत किती अंतरावर आहे, हे विचारणारा मला क्वचितच भेटला.

आपल्या अक्षांशावर डिसेंबरातला सूर्य दक्षिणेकडून जातो, मध्यान्हीलाही तो अठ्ठेचाळीस अंशांपलीकडे चढत नाही. तीस मीटर उंच, म्हणजे साधारण दहा मजल्यांच्या इमारतीची सावली त्या वेळी उत्तरेला सत्तावीस मीटर पडते. सकाळी नऊला ती वायव्येकडे सत्तर मीटरपर्यंत लांबते. म्हणून हिवाळ्यात ऊन हवं तर दक्षिणेची खिडकी आणि तिच्यासमोर मोकळी जागा हवी. मे महिन्याच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत सूर्य मध्यान्हीला डोक्याच्या थोडा उत्तरेला असतो, तेव्हा त्याच दक्षिणेच्या खिडकीवर एक साधा छज्जा पुरतो. जुन्या वाड्याचा चौक आणि सोपा हे गणित न मांडता सांभाळत होते.

इमारत जितकी उंच तितकं भोवतीचं सामासिक अंतर जास्त सोडायचं, असा नियम आहे. पण प्लॉट लहान, शेजारच्यानेही कमीत कमी तेवढंच सोडलेलं, त्यामुळे दोन इमारतींमध्ये उरते ती फट. खालच्या तीन-चार मजल्यांना तिच्यातून दिवसातले थोडेच क्षण ऊन दिसतं. बाल्कनीला काचेची सरकती दारं लावून ती खोलीत घेतलेली, ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीन, न्हाणीघराची खिडकी डक्टमध्ये. हवाई तळामुळे या भागात इमारतींच्या उंचीवर बंधन आहे, म्हणून शहराच्या पश्चिमेकडच्या उंच मनोऱ्यांपेक्षा इथलं आकाश अजून मोठं आहे. त्याचा लाभ वरच्या मजल्यांना होतो. आणि मे महिन्यात त्यांनाच त्याची किंमत मोजावी लागते: लोहगावच्या वेधशाळेचा पारा शिवाजीनगरपेक्षा सहसा वरच असतो आणि गच्चीखालच्या घरात रात्री बारापर्यंत छत तापलेलं राहतं.

फुलेनगरच्या बाजूला वस्तीत गेलं की चित्र उलटं दिसतं. घरं अंधारी, गल्ली हात पसरला की संपणारी, पण आयुष्य बरंचसं दाराबाहेर. अकरा वाजता उंबऱ्यावर तांदूळ निवडणारी बाई, ओट्यावर पाय सोडून बसलेल्या आजी, वाळत घातलेल्या गोधड्यांवर खेळणारी पोरं. त्या घरांत दमट कोपरे आहेत, धूर आहे, आजार आहेत; त्यांचं कौतुक करून कुणाचं भलं होणार नाही. मात्र ऊन अंगावर येण्याच्या बाबतीत उंबऱ्यावर बसलेली ती आजी पाचव्या मजल्यावरच्या काकूंपेक्षा पुढे आहे. फ्लॅटमधल्या बायकांकडून उंबरा गेला आणि त्याच्या बदल्यात त्यांना काहीच मिळालं नाही. या सगळ्या फिरण्यात मला सर्वांत जास्त याचं वाईट वाटलं.

गच्चीची किल्ली

काकूंच्या इमारतीवर मोठी गच्ची आहे. चारी बाजूंनी मोकळी, सौर पाणी-तापकांच्या रांगा सोडून भरपूर जागा. तिला कुलूप असतं. किल्ली चेअरमनकडे. कारण विचारलं तर पोरं पतंग उडवायला कठड्यावर चढतात, कुणी तरी रात्री बसून दारू प्यायलं होतं, पापड घातले की कबुतरं येतात. परिसरातल्या बहुतेक सोसायट्यांत हीच कारणं, आणि ती खोटी नाहीत.

मी काकूंना सावलीची खूण सांगितली होती. त्यांनी ती गुडघ्यांच्या डॉक्टरांना विचारली. डॉक्टर म्हणाले, पुडी बंद करू नका, पण हात-पाय-पाठ उघडी ठेवून आठवड्यातून तीन-चारदा पंधरा-वीस मिनिटं बसायला काहीच हरकत नाही. चेहरा झाका, कातडी लाल व्हायच्या आत उठा, एप्रिल-मेमध्ये अकराच्या आत उरका. काकूंनी दिवाळीआधीच्या सर्वसाधारण सभेत विषय काढला. अजेंड्यावर लिफ्टची दुरुस्ती आणि थकबाकी असताना गच्चीचा विषय निघाला म्हणून एक-दोघं वैतागले. इंग्लंडहून परतलेल्या बाई उठून बोलल्या. हवालदार शेजारच्या सोसायटीतले, पण त्यांच्या गच्चीवरच्या कुंड्यांचा दाखला निघाला. कुणीतरी विचारलं, बायका गच्चीवर पाय उघडे टाकून बसणार आणि समोरच्या इमारतीतून दिसणार, त्याचं काय? यावर बराच वेळ चर्चा झाली. शेवटी सौर तापकांच्या मागच्या कोपऱ्याला हिरवी जाळी बांधायची आणि आत दोन बाक टाकायचे असं ठरलं. जाळीचा खर्च दोन हजारांच्या आत बसवा, असं खजिनदारांनी सांगितलं.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सोमवार ते शनिवार, साडेअकरा ते दीड गच्ची उघडी राहील. किल्ली वॉचमनकडे, वहीत नाव आणि वेळ लिहायची, शेवटी उतरणाऱ्याने कुलूप लावायचं. पहिल्या आठवड्याची नावं मी वहीत पाहिली. काकूंचं रोज होतं. परळच्या आजोबांचंही होतं, आणि त्यांच्या नावापुढच्या वेळेच्या रकान्यात रोज पूर्ण दोन तास लिहिलेले होते.